द्विमान अंकांवरून काढलेली क्रमिका छापील यादीशी जुळत नाही, तेव्हा दोष कुठे शोधावा

पूर्णांकांच्या क्रमिकांचा ऑनलाइन विश्वकोश, म्हणजे ओईआयएस, उघडावा, एखाद्या क्रमिकेची व्याख्या वाचून स्वतः पदे काढावीत आणि पाचव्या-सातव्या पदापाशी दोन्ही याद्यांची फारकत व्हावी, हा अनुभव द्विमान अंकांच्या, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या संख्यांच्या, आकृतिबंधांवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी आठ-दहा मुलांचा गणिताचा वर्ग भरतो, आणि तिथे ही तक्रार दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या तोंडाने येते. दर वेळी पहिला संशय आकडेमोडीवर घेतला जातो. माझ्या पाहण्यात आकडेमोड क्वचितच चुकलेली असते. चुकते ते व्याख्येत गृहीत धरलेले पण न लिहिलेले काहीतरी. शून्य कसे लिहायचे, अंकांच्या जागा कोणत्या टोकाकडून मोजायच्या, एकमेकांत गुंतलेले तुकडे वेगळे धरायचे की नाही, डावीकडे भरतीची शून्ये घालायची की नाही, यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर यादी करणाऱ्याने एक धरलेले असते आणि आपण दुसरे. म्हणून प्रोग्राम किंवा वही दुरुस्त करायला घेण्याआधी दोन्ही याद्या एकाखाली एक लिहाव्यात आणि पहिली फारकत नेमकी कोणत्या संख्येवर होते ते पाहावे. त्या संख्येचे द्विमान रूप समोर मांडले की बहुतेक वेळा दोष आपोआप उघडा पडतो.

फारकत ० वरच झाली आणि पुढची सगळी पदे जुळली, तर काळजीचे काही नाही. द्विमान रूपातील शून्यांची संख्या मोजणाऱ्या दोन वेगवेगळ्या नोंदी त्या विश्वकोशात आहेत: ए०२३४१६ ही १, ०, १, ०, २, १, १, ० अशी सुरू होते आणि ए०८०७९१ ही ०, ०, १, ०, २, १, १, ० अशी. दोघींत फरक फक्त पहिल्या पदाचा आहे, कारण पहिलीत ० ही संख्या ‘०’ या एका अंकाने लिहिलेली मानली आहे, तर दुसरीत डावीकडची निरर्थक शून्ये टाकून दिल्यावर तिथे मोजण्यासारखे शून्यच उरत नाही. दोन्ही भूमिका टिकणाऱ्या आहेत. बॉम आणि स्वीट यांनी १९७६ साली अभ्यासलेल्या क्रमिकेत ही गोष्ट अधिक बोचते. तिथे द्विमान रूपात सलग शून्यांचा विषम लांबीचा एकही गट नसेल तर पद १, नाहीतर ०, आणि क्रमिका १, १, ०, १, १, ०, ०, १, ०, १ अशी चालते. पहिले पद १ येण्यासाठी शून्याचे द्विमान रूप रिकामे धरावे लागते; ‘०’ असे लिहिले तर तो एका शून्याचा, म्हणजे विषम लांबीचा गट ठरतो आणि पद ० येते. अशा वेळी यादीतील पहिल्या पदासाठी प्रोग्राममध्ये एक वेगळी ओळ लिहावी आणि पुढे जावे.

सगळी पदे बरोबर पण एका घराने सरकलेली असतील, तर दोष क्रमांकाचा आहे. ज्यांच्या द्विमान रूपात १ हा अंक सम वेळा येतो अशा संख्या ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५ अशा आहेत. इंग्रजीत त्यांना ‘एव्हिल’ म्हणतात आणि उरलेल्यांना ‘ओडियस’, ही ईव्हन आणि ऑड यांच्यावरची कोटी आहे. त्या काढण्याचे सोपे सूत्र असे की न या संख्येची दुप्पट करावी आणि न मध्ये १ विषम वेळा असेल तर त्यात १ मिळवावा. न शून्यापासून धरला तर पहिले पद ० येते, एकापासून धरला तर ३. विश्वकोशात शोध घेताना पहिले एक-दोन पद सोडून पुढची साधारण सहा पदे टाकावीत, अशी सूचना तिथेच दिलेली आहे, ती याच कारणासाठी. सुरुवात कुठून हा वाद शोधाच्या आड येऊ देऊ नये.

फारकत ७ वर झाली, म्हणजे १११ वर, की मी पुढे काही न पाहता तुकडे गुंतवून मोजले की तोडून, एवढेच विचारते. द्विमान रूपात ‘११’ किती वेळा येते हे मोजायचे असेल तर १११ मध्ये ते दोनदा येते, पहिला-दुसरा अंक मिळून एकदा आणि दुसरा-तिसरा मिळून एकदा. पण एकदा वापरलेला अंक पुन्हा वापरायचा नाही असे ठरवले तर एकदाच. गुंतवून मोजलेली क्रमिका ए०१४०८१ आहे आणि तिची पदे ०, ०, ०, १, ०, ०, १, २ अशी सुरू होतात. मुलांना हा फरक शब्दांत समजावण्यापेक्षा मी वृत्तांचा धडा आठवायला सांगते. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र ज्यांनी पाठ केले आहे त्यांना ठाऊक असते की यमाता, मातारा, ताराज, राजभा असे एकेका अक्षराने पुढे सरकत गेले की दहा अक्षरांत आठही गण मिळतात, कारण प्रत्येक गण पुढच्या गणाला आपली दोन अक्षरे उसनी देतो. तेच सूत्र तीन-तीन अक्षरांत तोडले तर यमाता, राजभा, नसल एवढे तीनच गण हाती लागतात आणि शेवटचा ‘गा’ वाऱ्यावर सुटतो. द्विमान आकृतिबंधांच्या बहुतेक क्रमिका पहिल्या रीतीने मोजलेल्या असतात, आणि बहुतेक प्रोग्रामिंग भाषांतील तयार मोजणी दुसऱ्या रीतीने चालते. पायथनमधील ‘काउंट’ तर निश्चितच.

या दोषाचा एक फसवा प्रकार गोले-रुडिन-शापिरो क्रमिकेत दिसतो. तिच्यात ‘११’ च्या संख्येवरून फक्त चिन्ह ठरते: सम वेळा आला तर अधिक १, विषम वेळा आला तर उणे १. चुकीच्या मोजणीने ७, १४, १५, २३, २८, २९ आणि ३० या सर्व ठिकाणी चिन्ह उलटे येते, आणि ३१ वर मात्र ते बरोबर येते, कारण १११११ मध्ये गुंतवून मोजले तर चार आणि तोडून मोजले तर दोन, आणि दोन्ही सम. एका मुलाने शेवटचे पद जुळले म्हणून मधल्या विसंगतींना छपाईच्या चुका ठरवून टाकले होते. चिन्हांची क्रमिका तपासायची असेल तर आधी मोजणीची क्रमिका तपासावी. चिन्ह अर्धी माहिती गिळून टाकते.

आता ज्या दोषाने मला सगळ्यात जास्त वेळ चकवले त्याबद्दल. नववीतल्या एका मुलीची चौकटीची वही होती, सुबक, प्रत्येक घरात एक अंक, ० ते ६३ पर्यंतच्या संख्या पेन्सिलीने भरलेल्या. एव्हिल संख्या तिच्या बरोबर आल्या. ‘११’ ची मोजणी बरोबर आली. शेजारीशेजारी १ नसलेल्या संख्या बरोबर आल्या, बॉम-स्वीटही जुळली, दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्यांची यादीही जुळली. मग आम्ही मोझर-द ब्रॉइन क्रमिका घेतली, जिच्यात दोनाच्या फक्त सम घातांच्या जागी १ चालतो, म्हणजेच ज्या संख्या चाराच्या वेगवेगळ्या घातांची बेरीज करून मिळतात: ०, १, ४, ५, १६, १७, २०, २१. तिची यादी आली ०, १, २, ४, ५, ८, १०, १६, १७, २०, २१. पाच क्रमिका बिनचूक काढणाऱ्या मुलीच्या यादीत २, ८ आणि १० कुठून शिरले, हे मला पंधरा मिनिटे कळले नाही.

शेवटी तिला माझ्यासमोर ११ हा आकडा द्विमानात लिहायला सांगितले. तिने शाळेत शिकवतात तसे दोनाने भागत जाऊन बाकी उजवीकडे मांडली: ११ ला भागून ५, बाकी १, ५ ला भागून २, बाकी १, २ ला भागून १, बाकी ०, १ ला भागून ०, बाकी १. आणि मग बाक्या वरून खाली वाचून ११०१ असे लिहिले. त्या खालून वर वाचायच्या असतात, आणि उत्तर १०११ यायला हवे. संपूर्ण वही उलटी होती. मग आधीच्या पाच क्रमिका जुळल्या कशा? कारण त्यांपैकी एकीलाही दिशा कळत नाही. १ किती वेळा आला, ‘११’ किती वेळा आला, शून्यांचा विषम गट आहे का, संख्या दोन्हीकडून सारखी आहे का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे अंक उलटे लिहिले तरी तीच राहतात. दिशा असलेला पहिला प्रश्न आला तेव्हाच दोष वर आला. त्यानंतर मी नियमच केला की वर्गातल्या कोणत्याही नव्या वहीची पहिली परीक्षा ११ वर घ्यायची. २ किंवा ४ विचारून उपयोग होत नाही, कारण ते सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि भागाकाराची वेळच येत नाही. ३, ५, ७ आणि ९ उलटे लिहिले तरी तसेच दिसतात.

त्या मुलीला मी चूक म्हणाले खरे, पण पूर्ण चूक म्हणायला जीभ कचरली. पिंगलाच्या छंदःशास्त्रातील प्रस्तार, म्हणजे लघू-गुरूंच्या सर्व शक्य मांडण्यांची यादी, तिच्या वहीसारखाच आहे. तीन अक्षरांच्या प्रस्तारात पहिली ओळ गगग, मग लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल आणि शेवटी ललल. म्हणजे म, य, र, स, त, ज, भ, न हा गणांचा परंपरागत क्रम. गुरूला ० आणि लघूला १ म्हटले तर या ओळी ०००, १००, ०१०, ११०, ००१ अशा होतात, आणि त्या तिच्या वरून खाली वाचलेल्या बाक्यांशी घराघराला जुळतात. पिंगलाच्या मांडणीत सर्वांत लवकर बदलणारी जागा डावीकडची आहे, आपल्या आजच्या संख्यालेखनात ती उजवीकडची आहे. शिवाय तिथे ओळींचे क्रमांक १ पासून सुरू होतात, म्हणजे वर सांगितलेला एका घराचा फरकही आलाच. तेव्हा उपाय असा की ‘डावीकडून’, ‘उजवीकडून’, ‘पहिला अंक’ असे शब्द टाळावेत आणि ‘एकं स्थानापासून, पहिली जागा क्रमांक ०’ असे स्पष्ट लिहावे. जागा १ पासून मोजली तरी वेगळाच घोटाळा होतो: मोझर-द ब्रॉइनची यादी ०, २, ८, १०, ३२, ३४ अशी नेमकी दुप्पट येते. सगळी पदे दुप्पट दिसली तर जागेचा क्रमांक तपासावा, मध्येमध्ये भलतीच पदे घुसली तर दिशा.

रुंदीचा दोष यापेक्षा साधा आहे, पण शाळेत चार किंवा आठ बिटांच्या (म्हणजे द्विमान अंकांच्या) चौकटी भरून घेण्याची सवय असल्याने तो वारंवार येतो. दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्यांची खरी यादी ०, १, ३, ५, ७, ९, १५, १७, २१ अशी आहे. प्रत्येक संख्या चार बिटांत लिहिली तर १५ पर्यंत ०, ६, ९, १५ एवढ्याच उरतात. ६ येतो कारण तो ०११० झालेला असतो, आणि १ जातो कारण तो ०००१ झालेला असतो. त्याचप्रमाणे ‘०१’ ची मोजणी प्रत्येक धन संख्येसाठी बरोबर एकाने जास्त येत असेल, तर डावीकडे भरतीचे शून्य राहिले आहे असे खुशाल समजावे. अंक उलटवण्याच्या क्रमिकेतही हेच: भरती न घालता ०, १, १, ३, १, ५, ३, ७ येतात आणि तीन बिटांची रुंदी ठेवली तर ०, ४, २, ६, १, ५, ३, ७. दुसरी यादीही निरुपयोगी नाही, जलद फूरिये रूपांतरात तीच लागते. फक्त ती निराळी क्रमिका आहे.

इथपर्यंतचे सर्व दोष कागदावरही होतात. यंत्राचे आपले म्हणून काही दोष आहेत आणि त्यांची खूण अशी की फारकत ज्या संख्येवर होते ती संख्या व्याख्येशी काहीही संबंध नसलेली असते. स्प्रेडशीटमधील ‘डेकटूबिन’ हे सूत्र ५११ पर्यंत चालते आणि ५१२ वर चूक झाल्याचे दाखवून थांबते. तिथे ‘बेस’ हे सूत्र वापरून पाया २ द्यावा. द्विमान रूपे स्प्रेडशीटमध्ये मजकूर म्हणून न ठेवता आकडे म्हणून टंकली तर ३२७६९ पासून विषम संख्या सम दिसू लागतात, कारण सोळा अंकांच्या आकड्यातील पंधराच अंक राखले जातात आणि शेवटच्या १ चे शून्य होते. जावास्क्रिप्टमध्ये बिटांच्या क्रिया ३२ बिटांवर चिन्हासह होतात, म्हणून २१४७४८३६४८ पाशी पदे एकदम ऋण होतात. पायथनमधील ‘बिन’ हे फलन ५ साठी नुसते १०१ देत नाही, त्याच्या आधी शून्य आणि बी ही दोन अक्षरे जोडून ‘०बी१०१’ देते. म्हणून त्यावर शून्ये मोजली की प्रत्येक संख्येला, अगदी ० सुद्धा धरून, एक शून्य जास्त येते. ती दोन अक्षरे कापून मगच मोजावे.

छापील यादी हाताशी नसतानाही काही गोष्टी पडताळता येतात. एव्हिल संख्यांच्या बाबतीत ० आणि १, २ आणि ३, ४ आणि ५ अशा प्रत्येक जोडीतून एक आणि एकच संख्या यादीत आली पाहिजे. मोझर-द ब्रॉइनमध्ये १६ च्या खाली बरोबर ४ पदे, ६४ च्या खाली ८, २५६ च्या खाली १६ असायला हवीत. शेजारीशेजारी १ नसलेल्या संख्यांची, म्हणजे ए००३७१४ ची, परीक्षा मला सर्वांत आवडते: २ च्या खाली २, ४ च्या खाली ३, ८ च्या खाली ५, १६ च्या खाली ८, ३२ च्या खाली १३. बाराव्या शतकात आमच्या गुजरातेतल्या पाटणच्या हेमचंद्रांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हेच आकडे दिले आहेत, आणि कारणही एकच आहे. वृत्ताच्या शेवटी एका मात्रेचा लघू असेल किंवा दोन मात्रांचा गुरू. द्विमान रूपाच्या शेवटी ० असेल किंवा १, आणि १ असेल तर त्याच्या आधी ० असलाच पाहिजे, म्हणजे तोही दोन घरे अडवतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने वसतिगृहातून फोन केला. “आत्या, यादीत एकच आकडा येतोय. फक्त १.” तो हीच क्रमिका सी भाषेत काढत होता. संख्या आणि ती एक घर उजवीकडे सरकवून मिळालेली संख्या यांचा बिटवार ‘अँड’ (दोन्हींत १ असेल त्याच जागी १ ठेवणारी क्रिया) शून्य आला तर ती यादीत घ्यायची, हे तत्त्व बरोबर होते. सी मध्ये मात्र ‘बरोबर आहे का’ ही तुलना ‘अँड’च्या आधी केली जाते. त्यामुळे यंत्र आधी सरकवलेली संख्या शून्य आहे का ते पाहत होते, आणि त्या हो-नाहीचा मूळ संख्येशी ‘अँड’ करत होते. ० ला उत्तर हो, पण ० शी ‘अँड’ केल्यावर पुन्हा ०. १ ला हो आणि १ शी ‘अँड’ करून १. २ पासून पुढे सगळ्यांना नाही. त्याच्या मित्राने हीच ओळ पायथनमध्ये लिहिली होती आणि तिथे ती बिनतक्रार चालली होती, कारण पायथनमध्ये हा अग्रक्रम उलटा आहे. दोघे मिळून सकाळपासून संगणकालाच दोष देत होते. मी त्याला पूर्ण ‘अँड’भोवती एक कंस घालायला सांगितला आणि पदे वाचू नकोस, ३१ पर्यंत किती आली तेवढे मोज म्हणाले. फोन चालू ठेवून त्याने मोजले. तेरा आली होती.